अवयव पाडा आणि धावा

अमेरिकेतील कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये माध्यमिक शाळेतील आणि महाविद्यालयातील तरुण आपल्याहून लहान मुलांना खेळांतून गणित शिकवतात आणि या कामाचा त्यांना मोबदलाही मिळतो. हे काम करणारी ‘यंग पीपल्स प्रोजेक्ट’ ही संस्था १९९६ साली उभी राहिली. परंतु तिच्यामागील विचार समजून घ्यायचा, तर मिसिसिपी राज्यातील मताधिकाराच्या लढ्यापर्यंत मागे जावे लागते.

एप्रिल १९६० मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची ‘स्निक’ या नावाने ओळखली जाणारी संघटना स्थापन झाली, तेव्हा एला बेकर या अनुभवी कार्यकर्तीने आग्रह धरला की या तरुणांनी ज्येष्ठांच्या संघटनांत विलीन न होता आपले निर्णय आपणच घ्यावेत. न्यूयॉर्कमध्ये गणित शिकवणारे बॉब मोझेस (१९३५–२०२१) याच संघटनेच्या कामासाठी मिसिसिपीत गेले. तेथे मतदार म्हणून नाव नोंदवायला येणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाला राज्यघटनेतील एखाद्या कलमाचा अर्थ सांगावा लागे आणि तो अर्थ बरोबर की चूक हे गोरा निबंधक ठरवी. दुसऱ्याच्या जमिनीवर बटाईने राबणाऱ्या ज्या शेतकऱ्यांना पिढ्यानपिढ्या शाळा नाकारली गेली, त्यांनाच निरक्षर ठरवून मत नाकारले जात होते. या लोकांना हक्क नको आहे, ते उदासीन आहेत, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. हा आक्षेप खोडून काढला तो मारहाण आणि खून सोसूनही नोंदणी कचेरीपुढे रांगा लावणाऱ्या त्याच शेतकऱ्यांनी. १९६५ साली मताधिकाराचा कायदा झाला.

पुढे मोझेस यांनी टांझानियात काही वर्षे गणित शिकवले आणि अमेरिकेत परतल्यावर १९८२ साली, आपल्या मुलीच्या शाळेत आठवीला बीजगणितच नाही हे पाहून, मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे ‘ॲल्जिब्रा प्रोजेक्ट’ची सुरुवात केली. त्यांची मांडणी अशी की, औद्योगिक युगात लिहिता-वाचता न येणारा माणूस जसा नागरिकत्वाच्या बाहेर राहिला, तसाच संगणकाच्या युगात बीजगणित न येणारा राहील. अमेरिकेत बीजगणित वेळेवर न मिळालेल्या मुलाला पुढील गणित आणि विज्ञान ही दोन्ही दारे जवळजवळ बंद होतात आणि तशी मुले कोणत्या वस्त्यांतून येतात हे उघड होते.

त्यांच्या अध्यापनपद्धतीत पाच पायऱ्या आहेत. मुले आधी एखादा प्रत्यक्ष अनुभव घेतात, मग त्याचे चित्र काढतात, आपल्या बोलीत त्याचे वर्णन करतात, ते वर्णन काटेकोर भाषेत बसवतात आणि सर्वांत शेवटी चिन्हे वापरतात. बॉस्टन परिसरातील भुयारी रेल्वेचा प्रवास हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे: एक स्थानक शून्य मानले की, एका दिशेची स्थानके धन, दुसऱ्या दिशेची ऋण ठरतात आणि ‘किती’ या प्रश्नाइतकाच ‘कोणत्या दिशेने’ हाही प्रश्न संख्येला विचारता येतो, हे मुलाला सूत्र पाठ करण्याआधीच उमगते.

‘फ्लॅगवे’ हा मोझेस यांनीच रचलेला खेळ याच विचारातून आला. त्यात संख्येचे मूळ अवयव पाडायचे असतात, म्हणजे १ पेक्षा मोठ्या आणि १ व स्वतः यांखेरीज अन्य संख्येने निःशेष भाग न जाणाऱ्या मूळ संख्यांच्या गुणाकारात ती लिहायची असते. एखादा मूळ अवयव पुन्हा आला, जसा १२ = २ × २ × ३ मध्ये २ येतो, तर संख्या एका गटात जाते; सगळे अवयव वेगवेगळे असून त्यांची संख्या सम असेल, जसे ३५ = ५ × ७, तर दुसऱ्या; आणि विषम असेल, जसे ३० = २ × ३ × ५, तर तिसऱ्या. प्रत्येक गटाला एक रंग असतो. संघाला तीन संख्या मिळाल्या की तीन रंगांचा एक क्रम तयार होतो आणि जमिनीवर आखलेल्या, प्रत्येक टप्प्यावर तीन रंगांत फाटत जाणाऱ्या वाटेने तो क्रम पाळत खेळाडूला धावावे लागते. असे क्रम २७ होऊ शकतात, त्यामुळे एकच अवयव चुकला तरी पाय भलत्याच टोकाला जातात आणि चूक सर्वांना दिसते.

या वर्गीकरणाला गणितात मोबियस फलन म्हणतात. ऑगस्ट मोबियस या जर्मन गणितज्ञाने १८३२ साली ते मांडले. १ ते ३० या संख्या तपासल्या तर पुनरावृत्त अवयवांच्या ११, विषम गटाच्या ११ आणि सम गटाच्या ८ निघतात. पुढे हा तोल कसा हलत राहतो, हा प्रश्न आजवर न सुटलेल्या रीमानच्या सिद्धान्तकल्पनेशी थेट जोडलेला आहे. लहान मुलांच्या हाती इतके अस्सल गणित द्यावे, हा या खेळामागील निर्णय मोठा आहे. कडू औषधावर साखर लावावी तसे पाढ्यांवर रंगीत चित्रे चढवणारे खेळ पुष्कळ आहेत. येथे खेळाचा नियम आणि गणिताचा नियम एकच आहे.

‘यंग पीपल्स प्रोजेक्ट’मध्ये हा खेळ घेणाऱ्या माध्यमिक विद्यार्थ्यांना ‘गणित-साक्षरता कार्यकर्ते’ म्हणतात. महाविद्यालयीन तरुण त्यांना तयार करतात आणि ते शाळा सुटल्यावर किंवा वस्तीतील केंद्रात लहानांचे वर्ग घेतात. त्यांतील अनेकांचे स्वतःचे गणित कच्चे असते, हा या योजनेचा दोष वाटेल; प्रत्यक्षात तेच तिचे बलस्थान आहे, कारण ‘मग १ कोणत्या गटात?’ असे एखाद्या चौथीतील मुलाने विचारले की शिकवणाऱ्याला स्वतःच विचार करावा लागतो: १ ला मूळ अवयवच नाही, म्हणजे अवयवांची संख्या शून्य आणि शून्य सम, म्हणून १ सम गटात. असे उत्तर शोधून काढणारा सोळा वर्षांचा मुलगा गल्लीतलाच, चेहऱ्याने ओळखीचा असतो आणि त्यामुळे गणित हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे हा समज शब्दांवाचून ढासळतो. मोबदल्याचे महत्त्वही कमी नाही. गरीब घरातील तरुणाला तो मिळाला नाही, तर हेच तास त्याला दुकानात किंवा उपाहारगृहात काम करण्यात घालवावे लागतील.

या खेळातही धोका आहेच. धावण्याच्या भरात शर्यत वरचढ झाली तर संघातील चपळ मूल सगळे अवयव पाडते आणि बाकीचे नुसते पळतात, म्हणून थांबून ‘हा रंग का?’ असे विचारणारा मार्गदर्शक खेळाच्या नियमांइतकाच आवश्यक ठरतो. शिवाय शाळेनंतरचा एखादा तास शाळेतील उणीव भरून काढू शकत नाही, याची मोझेस यांना पूर्ण जाणीव होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली असा निर्णय दिला की शिक्षण हा तेथील संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. भारतात मात्र २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना तो हक्क मिळाला आहे. दर्जेदार शिक्षण हा घटनात्मक हक्क व्हावा, अशी मागणी मोझेस यांनी उत्तरायुष्यात लावून धरली आणि शेतकऱ्यांनी जशी मताची मागणी स्वतः केली, तशी ही मागणी तरुणांनीच केली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेच्या संघराज्याच्या घटनेत तो हक्क अद्याप आलेला नाही.