परदेशी थेट गुंतवणूक

परदेशी थेट गुंतवणूक : एका देशातील कंपनीने वा व्यक्तीने दुसऱ्या देशातील उद्योगसंस्थेत, तिच्या कारभारावर टिकाऊ प्रभाव राहील अशा रीतीने, गुंतविलेले भांडवल. आंतरराष्ट्रीय चलननिधीच्या प्रमाणकानुसार गुंतवणूकदाराकडे किमान १० टक्के मताधिकार असल्यास त्या गुंतवणुकीस थेट गुंतवणूक समजतात. नवा कारखाना उभारणे, चालू उद्योगसंस्था विकत घेणे, नफा मायदेशी न नेता तेथेच पुन्हा गुंतविणे आणि मूळ कंपनीने उपकंपनीस कर्ज देणे, ही तिची प्रमुख रूपे होत. केवळ व्याज वा लाभांश मिळविण्यासाठी रोखे व भाग खरेदी करण्याहून ती भिन्न असते. कारण तीत भांडवलाबरोबर नियंत्रणही देशाची सीमा ओलांडते. हा भेद स्टीव्हन हायमर या कॅनडियन अर्थशास्त्रज्ञाने १९६० मध्ये आपल्या प्रबंधात स्पष्ट केला. परक्या देशातील गैरसोयी सोसूनही कंपन्या तेथे जातात, त्या केवळ व्याजदरांतील तफावतीमुळे नव्हे, तर तंत्रविद्या, व्यापारचिन्ह, संघटनकौशल्य यांसारख्या स्वतःजवळील विशेष सामर्थ्यामुळे, असे त्याचे प्रतिपादन होते.

परिणामांचे स्वरूप : यजमान देशाला या गुंतवणुकीपासून भांडवल, परकीय चलन, रोजगार व करउत्पन्न मिळू शकते. कर्जाचे हप्ते तोट्यातही फेडावे लागतात. थेट गुंतवणुकीवरील लाभांश मात्र नफा झाला तरच द्यावा लागतो, हा तिचा विशेष फायदा होय. कामगार व व्यवस्थापक यांना मिळणारे शिक्षण आणि सुटे भाग पुरविणाऱ्या देशी उद्योगांची सुधारणारी गुणवत्ता, हे अप्रत्यक्ष लाभ होत. उलटपक्षी, नफा, स्वामित्वशुल्क व तांत्रिक सेवांचे मोबदले यांच्या रूपाने पैसा बाहेर जात राहतो व आंतरराष्ट्रीय व्यवहारशेषावर त्याचा ताण पडतो. एकाच कंपनीच्या दोन देशांतील शाखांमधील व्यवहारांच्या किंमती सोयीनुसार ठरवून नफा कमी कराच्या देशात दाखविला जाण्याचा संभव असतो. लहान देशी उद्योग स्पर्धेत मागे पडतात आणि महत्त्वाचे निर्णय देशाबाहेर होऊ लागतात.

मळे व खाणी यांतील परकीय भांडवल हे भौगोलिक दृष्ट्या गरीब देशात असले, तरी आर्थिक दृष्ट्या गुंतवणूकदार देशाचाच भाग राहते, असे हान्स सिंगर याने १९५० मध्ये दाखवून दिले. म्हणून कारखाना कोठे उभा आहे यापेक्षा त्याचे धागेदोरे स्थानिक अर्थव्यवस्थेत किती गुंतले आहेत, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

आयर्लंडचा अनुभव : या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आयर्लंडच्या इतिहासात स्पष्ट दिसतात. १९३२ व १९३४ च्या कायद्यांनी तेथे उद्योगांवरील परकीय मालकीस निर्बंध घातले होते. संरक्षित देशी उद्योग मात्र लहान बाजारपेठेत खुंटले आणि १९५०–६० या दशकात सु. चार लाख लोक देश सोडून गेले. १९५६ मध्ये निर्यातीपासूनच्या नफ्यावर करसवलत देण्यात आली. अर्थखात्याचे सचिव टी. के. व्हिटकर यांच्या १९५८ च्या अहवालानंतर धोरणाची दिशाच बदलली. १९५९ मध्ये शॅनन विमानतळाजवळ मुक्त क्षेत्र स्थापन झाले, १९६७ मध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झाले आणि १९७३ मध्ये आयर्लंडने यूरोपीय आर्थिक समुदायात प्रवेश केला. इंग्रजी जाणणारा शिक्षित कामगारवर्ग, यूरोपची बाजारपेठ व अल्प कर, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याने अमेरिकन कंपन्यांचा ओघ सुरू झाला. १९८० मध्ये ॲपलने कॉर्क येथे कारखाना काढला, तर १९८९ मध्ये इंटेलने लेक्सलिपची निवड केली.

तथापि या धोरणाची फळे लगेच दिसली नाहीत. परकीय कारखान्यांत संशोधन व विपणन यांसारखी कामे क्वचितच होतात व देशी पुरवठादारांशी त्यांचे संबंध दुबळे आहेत, अशी टीका १९८२ च्या टेलेसिस अहवालात करण्यात आली. १९८०–९० या दशकाच्या मध्यास बेकारीचे प्रमाण सु. १७ टक्क्यांवर गेले होते. १९९० नंतर मात्र उत्पादन व रोजगार वेगाने वाढले आणि देशांतर करून गेलेले लोक परतू लागले. २००३ पासून कंपनीकर १२·५ टक्के ठेवण्यात आला. याच मार्गातील धोका २००९ मध्ये प्रत्ययास आला. डेल कंपनीने लिमरिक येथील संगणक-उत्पादन पोलंडला हलविण्याचे ठरविले व सु. १,९०० नोकऱ्या गेल्या.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांवरही या गुंतवणुकीचा विलक्षण परिणाम झाला. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटे व अन्य बौद्धिक संपत्ती आयर्लंडमध्ये नोंदविल्यामुळे २०१५ या एका वर्षात स्थूल देशांतर्गत उत्पादन सु. २६ टक्क्यांनी वाढल्याचे प्रथम जाहीर झाले. लोकांच्या राहणीमानात अर्थातच तेवढी वाढ झालेली नव्हती. त्यामुळे २०१७ पासून तेथील सांख्यिकी कार्यालय सुधारित स्थूल राष्ट्रीय उत्पन्न हे वेगळे मापक प्रसिद्ध करू लागले. २०२२ मध्ये हे उत्पन्न देशांतर्गत उत्पादनाच्या निम्म्याहून थोडेसेच अधिक होते. त्याच वर्षी कंपनीकराचा निम्म्याहून अधिक भाग अवघ्या दहा कंपनीसमूहांकडून आला. ॲपलकडून १,३०० कोटी यूरोंचा कर वसूल करावा, हा यूरोपीय आयोगाचा २०१६ चा निर्णय आयरिश शासनाने स्वतःच न्यायालयात आव्हानित केला. २०२४ मध्ये यूरोपीय न्यायालयाने तो कायम केला. गुंतवणूकदार दुरावू नयेत म्हणून शासनाने येणे असलेला कर नाकारावा, यावरून अवलंबित्वाची खोली लक्षात येते. मोठ्या कंपन्यांसाठी किमान १५ टक्के कराचा आंतरराष्ट्रीय नियम आयर्लंडने २०२४ पासून लागू केला.

भारत : भारतात १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने बहुतेक परकीय कंपन्यांचा हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत मर्यादित केला. त्यानंतर १९७७–७८ मध्ये कोका-कोला व आयबीएम या कंपन्या देशातून निघून गेल्या. १९८२ मध्ये मारुती उद्योगात जपानच्या सुझुकी कंपनीने २६ टक्के भागभांडवल घेतले. सुट्या भागांचे टप्प्याटप्प्याने देशीकरण करावयाचे असल्याने या सहकार्यातून पुरवठादार उद्योगांची एक फळी उभी राहिली. १९९१ च्या औद्योगिक धोरणाने अग्रक्रमाच्या उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय भागभांडवलास आपोआप मान्यता दिली आणि पुढे बहुतेक क्षेत्रे खुली झाली.

याउलट रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ वीजप्रकल्प हे सदोष कराराचे उदाहरण होय. एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या या प्रकल्पातील विजेचा दर डॉलरशी निगडित होता आणि देयकांना राज्यशासनाची हमी व केंद्रशासनाची प्रतिहमी होती. परिणामी रुपयाच्या अवमूल्यनाचा व मागणी घटण्याचा धोका गुंतवणूकदाराऐवजी खरेदीदारावर पडला. १९९९ मध्ये सुरू झालेली वीजनिर्मिती २००१ मध्ये थांबली. त्याच वर्षी एन्रॉनचे दिवाळे निघाले आणि पुढे प्रकल्प भारतीय सार्वजनिक संस्थांना हाती घ्यावा लागला. धोका पत्करणे हा थेट गुंतवणुकीचा गाभाच. तो करारानेच काढून घेतला, तर ती महागड्या कर्जासारखी होते.

निष्कर्ष : परदेशी थेट गुंतवणूक स्वभावतः हितकारक वा अहितकारक नसते. लोकसंख्येची शैक्षणिक पातळी एका किमान मर्यादेपलीकडे असेल, तरच तिच्यामुळे विकासाला विशेष गती मिळते, असे विकसनशील देशांविषयीच्या १९९८ मधील एका प्रसिद्ध अभ्यासात आढळले. शिक्षण, पुरवठादार उद्योग, सक्षम करव्यवस्था आणि करार करतानाचे शासनाचे कौशल्य यांवर तिचे फळ अवलंबून असते. देशात किती भांडवल आले, एवढ्यावरून तिचे यश मोजणे अपुरे होय. कंपनी निघून गेल्यावर देशापाशी कोणती कौशल्ये व कोणते उद्योग उरतात, हीच तिची खरी कसोटी ठरते.