जठराचा कर्करोग : रिपोर्टसोबत ब्लॉकही न्या

अकोला, दर्यापूर किंवा अचलपूरहून जठराच्या कर्करोगाचा रुग्ण नागपूरच्या तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला किंवा मुंबईच्या टाटाला निघतो, तेव्हा पिशवीत सीटी स्कॅनच्या फिल्मपासून आधार कार्डापर्यंत सगळे असते. पुष्कळदा राहून जातो तो ब्लॉक. दुर्बिणीने जठरातून काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात, तो हा ठोकळा. तो इथल्या लॅबमध्ये पडून राहतो आणि तिकडे रुग्णाच्या घशातून पुन्हा दुर्बीण घालण्याची वेळ येऊ शकते.

साध्या तपासणीत कर्करोग आहे, एवढे कळते. कोणते औषध लागू पडेल, हे ठरवायला पेशींतली प्रथिने पाहावी लागतात. ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी प्रतिपिंडे तुकड्यावर सोडली, की ते प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो.

अशा प्रथिनांपैकी एक आहे व्हीईजीएफ. स्वतःच्या रक्तवाहिन्या मिळाल्याशिवाय गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढत नाही, असे बोस्टनचे सर्जन ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडले. वरुड-मोर्शीच्या संत्राबागेत आपण झाडापर्यंत ठिबकची नळी ओढतो. इथे झाडच नळी बोलावून घेते. प्राणवायू कमी पडला की गाठीतल्या पेशी व्हीईजीएफ सोडतात आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांना धुमारे फुटतात. सीडी-३४ या प्रथिनाला रंग देऊन त्या वाहिन्या मोजता येतात. ज्यांच्या गाठीत व्हीईजीएफ जास्त आणि वाहिन्या दाट, त्यांचा आजार पसरण्याचा धोका अधिक, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

म्हणून कुणी ‘व्हीईजीएफ वाढलेय’ म्हटले की घाबरून जाऊ नये. प्रत्येक लॅबची मोजण्याची रीत वेगळी, त्यामुळे ही रोजच्या उपचारातली तपासणी झालेली नाही. गाठ किती खोल गेली आणि किती लसिकाग्रंथींत पोहोचली, यालाच आजही अधिक वजन आहे. व्हीईजीएफचा मार्ग अडवणारे रामुसिरुमॅब हे औषध पॅक्लिटॅक्सेलसोबत दिल्यावर, आधीचे उपचार थकलेल्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान ७.४ वरून ९.६ महिन्यांवर गेले (२०१४). फायदा खरा, पण थोडा. आणि ते कोणाला द्यायचे हे व्हीईजीएफ मोजून ठरत नाही.

ब्लॉक लागतो तो मुख्यतः हर-टू या प्रथिनासाठी. साधारण पाच-सहा रुग्णांत एकाच्या गाठीत ते वाढलेले असते. आजार पसरलेल्या अशा रुग्णांना केमोसोबत ट्रास्टुझुमॅब दिल्यावर मध्यम आयुर्मान ११.१ वरून १३.८ महिन्यांवर गेले, हे २०१० मध्ये सिद्ध झाले. भारतीय बनावटीचे ट्रास्टुझुमॅब २०१४ पासून मिळते. रिपोर्टवर ‘३+’ असेल तर हर-टू आहे, ‘०’ किंवा ‘१+’ म्हणजे नाही. ‘२+’ आले तर ‘फिश’ ही जनुकाची पुढची तपासणी करावीच लागते. तिथेच थांबू नये. जठराच्या गाठीत हे प्रथिन एका कोपऱ्यात असते, दुसऱ्यात नसते. म्हणून दुर्बिणीच्या वेळी सहा-आठ तुकडे घेतलेले बरे.

लॅबमध्ये रिपोर्टवरचा क्रमांक घालून अर्ज द्या, सही करून ब्लॉक घ्या, पावती जपा. आणि अकोल्याचा मे महिना असेल तर तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेणच आहे ते.