नौकेचें बिऱ्हाड

घर बदलणें म्हणजे काय, हें शहरांत राहणाऱ्या आपणां सर्वांस ठाऊक आहे. सामान बांधावयाचें, हमाल ठरवावयाचे, आणि नव्या जागीं चूल कोठें मांडावी येथपासून पुन्हां आरंभ करावयाचा. परंतु जें न्यावयाचें तें बिऱ्हाड म्हणजेच एक शिडाची नौका असेल, आणि ती समुद्रकांठच्या शहरांतून एका विशाल सरोवराच्या कांठच्या शहरीं न्यावयाची असेल, तर काय करावें? अशा स्थलांतराची रीत आज आपणांस सांगावयाची आहे. नौका न्यूयॉर्क बंदरांतील, आणि तिला जावयाचें आहे अमेरिकेंतल्याच शिकागो शहरीं, मिशिगन सरोवराच्या कांठीं.

सरोवर म्हणतांच आपल्या डोळ्यांपुढें रंकाळा किंवा पवईचें तळें उभें राहतें. तें चित्र प्रथम पुसून टाकलें पाहिजे. मिशिगन सरोवर ३०७ मैल लांब, ११८ मैल रुंद आणि सर्वांत खोल जागीं ९०० फुटांहून अधिक खोल आहे. मुंबईहून गलबतानें पणजीस जावें, तर जेवढें अंतर कापावें लागेल, त्याहून या सरोवराची लांबी अधिक भरते. मध्यभागीं उभें राहिलें असतां कोणताच किनारा दिसत नाहीं.

दुसरी गोष्ट उंचीची. उत्तर अमेरिकेंतील पांच महासरोवरें एकमेकांस जोडलेलीं आहेत, पण तीं एका पातळींत नाहींत. समुद्रसपाटीहून ऑन्टॅरिओ सुमारें २४५ फूट, ईरी सुमारें ५७० फूट, तर ह्यूरन व मिशिगन सुमारें ५८० फूट उंच आहेत. ऑन्टॅरिओ व ईरी यांच्या मध्यें प्रसिद्ध नायगारा धबधबा उभा. ला साल या फ्रेंच प्रवाशास १६७९ मध्यें वरच्या सरोवरांवर गलबत न्यावयाचें होतें. पण धबधब्यावरून तें चढवितां येईना, म्हणून त्यानें ‘ग्रिफॉन’ हें गलबत धबधब्याच्या वरच्या अंगासच बांधलें. त्याच वर्षीं परतीच्या प्रवासांत तें नाहींसें झालें.

आज ही चढण लॉकच्या साहाय्यानें चढतात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांस भक्कम दरवाजे असलेला एक मोठा हौद. नौका खालच्या दरवाजानें आंत शिरते, दरवाजा बंद होतो, वरच्या बाजूचें पाणी हळूहळू आंत सोडतात आणि पाण्याबरोबर नौकाही उचलली जाते. दोन्हीकडील पाणी एका पातळीस आलें कीं वरचा दरवाजा उघडतो. यांत पाणी वर चढविणारा पंप नसतो. वरचें पाणी आपल्याच वजनानें खालीं येतें व नौकेस उचलतें. खलाशांनीं मात्र दोर सतत घट्ट व सैल करीत राहावें लागतें, नाहींतर नौका भिंतीवर आपटते.

आपली नौका प्रथम हडसन नदीनें उत्तरेस जाईल. तेथें पहिली अडचण डोलकाठीची. तीस-पस्तीस फुटी नौकेची डोलकाठी पाण्याहून चाळीस-पन्नास फूट उंच असते, आणि पुढें ज्या ईरी कालव्यांतून जावयाचें, त्यावरील स्थिर पुलांखालीं या वाटेवर जेमतेम २१ फूट जागा मिळते. म्हणून हडसनच्या कांठींच यारीनें डोलकाठी उपटून ती नौकेवर आडवी बांधतात. शीड नाहीं, डोलकाठी नाहीं, केवळ यंत्राच्या बळावर चालणारी ती नौका पाहून तिच्या धन्यास मोठी चुटपुट लागत असेल! ईरी कालवा प्रथम १८२५ मध्यें खुला झाला; त्याचें आजचें रुंद स्वरूप १९१८ चें. वॉटरफर्ड येथें एकापाठोपाठ पांच लॉक नौकेस दीडशें फुटांहून अधिक वर नेतात. रोम नांवाच्या गांवापाशीं ती ४२० फुटांवर पोहोंचते आणि मग, गंमत अशी कीं, पुन्हां उतरूं लागते. कारण ऑस्वेगो येथें तिला ऑन्टॅरिओ सरोवरांत शिरावयाचें असतें. तेथें डोलकाठी पुन्हां उभारतात.

ऑन्टॅरिओच्या पश्चिम टोकास कॅनडांतील वेलंड कालवा. २७ मैलांत आठ लॉक नौकेस ३२६ फूट वर नेतात आणि नायगारा बाजूस राहतो. तेथें मालवाहू जहाजांचा मान पहिला. आपल्या चिमुकल्या नौकेनें आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचें. पुढें ईरी सरोवर, डेट्रॉइट व सेंट क्लेअर या नद्यांचा उलटा प्रवाह, ह्यूरन सरोवर, आणि मॅकिनॅक सामुद्रधुनीवरील १९५७ मध्यें खुल्या झालेल्या पांच मैल लांबीच्या पुलाखालून मिशिगनांत प्रवेश. एकंदर वाट हजार मैलांहून पुष्कळ अधिक.

ज्यास एवढी सवड नसेल, तो नौका मालमोटारीवर चढवून सडकेनें नेतो. तेथेंही डोलकाठी उतरवावी लागतेच. शिवाय साडेआठ फुटांहून रुंद बोजास सरकारी परवाना लागतो आणि वाटेंतील प्रत्येक पुलाची उंची आधीं पाहून ठेवावी लागते. दिवस वांचतात, पण नव्या पाण्याची ओळख वाटेंत होत नाहीं. आणि खरें महत्त्व या ओळखीचें आहे.

नौका पोहोंचली म्हणजे स्थलांतर संपलें, असें समजणारा खलाशी फसतो. गोडें पाणी खाऱ्याहून शेंकडा सुमारें अडीच हलकें. म्हणून नौका किंचित् खोल बसते. हा फरक लहान. मोठा फरक भरती-ओहोटीचा. समुद्रावरच्या माणसाच्या अंगीं तिचें गणित मुरलेलें असतें. येथें ती दोन इंचांहून कमी, म्हणजे नसल्यासारखीच. पाणी एका पातळीस दिसतें, म्हणून मन निर्धास्त होतें. पण वारा व हवेचा दाब यांनीं सरोवराचें पाणी एका बाजूस ढकललें जातें, आणि थाळींतील पाणी हिंदकळावें तसें तें परत फिरतें. २६ जून १९५४ रोजीं सकाळीं शिकागोच्या किनाऱ्यावर अशीच सुमारें दहा फुटांची लाट अवचित आली व धक्क्यावर मासे धरीत असलेल्यांस तिनें ओढून नेलें. त्यांतील कित्येक बुडाले. वादळ तर आधींच सरोवर ओलांडून गेलें होतें. त्यानें ढकललेलें पाणी पलीकडच्या किनाऱ्यावर आपटून परतलें होतें!

येथल्या लाटाही वेगळ्या. महासागराच्या लाटा लांब व संथ; सरोवराच्या आंखूड, उभ्या आणि लागोपाठ येणाऱ्या. एकीवरून नौका सावरते न सावरते तोंच दुसरी आदळते. शिवाय वसंतांत किनाऱ्यावर ऊन पडलें असतांही पाणी बर्फासारखें थंड असतें; त्यांत पडलेल्याचा श्वास क्षणांत कोंडतो. म्हणून तरंगतें जाकीट अंगावर असलेंच पाहिजे, पेटींत ठेवलेलें उपयोगी नाहीं.

आणि हिवाळा. आपल्याकडे कोकणांत पावसाळ्याच्या तोंडावर होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनीं शाकारतात व नारळी पौर्णिमेनंतर पुन्हां समुद्रांत लोटतात. शिकागोस हाच नेम हिवाळ्यासाठीं पाळतात. यंत्रांत राहिलेलें पाणी गोठून फुगलें तर लोखंडही तडकतें; म्हणून तें काढून न गोठणारा द्रव भरतात. शरदांत नौका नदीनें आंतल्या गोदींत जातात, वसंतांत सरोवराकडे परततात, आणि त्यांच्या डोलकाठ्यांसाठीं भर शहरांतील पूल एकापाठोपाठ एक उचलले जातात.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. नौका कधीं एकटी जात नाहीं. तिच्या तळाशीं चिकटून, तिच्यांतील पाण्यांतून दुसरे जीवही प्रवास करतात. ज्या वेलंड कालव्यानें नौकांस वाट दिली, त्यानेंच माशांचें रक्त शोषणाऱ्या लॅम्प्रे या जीवासही ईरींत शिरूं दिलें. तो तेथें १९२१ मध्यें आढळला आणि पुढें वरच्या सरोवरांतील मासेमारीची त्यानें धूळधाण केली. जहाजांच्या तळच्या पाण्याबरोबर युरोपांतून आलेले पट्टेदार शिंपले १९८८ मध्यें सेंट क्लेअर सरोवरांत सांपडले. ते आतां पाण्याच्या नळांतही दाटी करतात. म्हणून एका पाण्यांतून दुसऱ्या पाण्यांत जातांना नौका घासून धुवावी, आंतलें पाणी काढावें व ती पुरती वाळूं द्यावी.

नव्या घरीं पाऊल टाकतांना आपण पाय धुतों. नौकेनेंही तेवढी रीत पाळावी आणि तिच्या तांडेलानें जुन्या पाण्याची घमेंड जुन्या बंदरांतच सोडून यावें. मग तें नवें शहर तिचें खरेंखुरें घर होईल.