ऐकून लिहिणारा लष्करी डॉक्टर

अमेरिकेतल्या नवाहो या मूळनिवासी लोकांना स्वतःचा इतिहास ठाऊक नाही, त्यांच्याजवळ परंपरा नाहीत आणि त्यांचे गाणे म्हणजे निव्वळ हुंकार, असा निर्वाळा अमेरिकी लष्करातल्या एका डॉक्टराने १८५०च्या दशकात दिला. स्मिथसोनियन संस्थेच्या अहवालात तो छापूनही आला आणि बरीच वर्षे प्रमाण मानला गेला. तो खोडून काढला त्याच पेशातल्या दुसऱ्या डॉक्टराने. त्याचे नाव वॉशिंग्टन मॅथ्यूज.

मॅथ्यूज १८४३ साली डब्लिनजवळ जन्मला, अमेरिकेत वाढला आणि १८६४ मध्ये आयोवात वैद्यकीची पदवी घेऊन लष्करात शिरला. पुढच्याच वर्षी त्याची रवानगी मिसूरी नदीच्या वरच्या खोऱ्यात झाली. मक्याची शेती करणारे आणि मातीच्या मोठ्या गोल घरांत राहणारे हिदात्सा तिथे त्याला भेटले. १८३७ च्या देवीच्या साथीने त्यांची गावे ओस पाडली होती. उरलेले लोक मंडान आणि अरिकारा या शेजाऱ्यांसह ‘लाइक-अ-फिशहूक’ या एकाच गावात राहत होते. मॅथ्यूज त्यांची भाषा बोलायला शिकला, शब्द टिपू लागला. १८७१ मध्ये बफर्ड किल्ल्यावरच्या आगीत त्याचे बाड जळाले. तरी त्याने काम सोडले नाही. १८७३ मध्ये हिदात्सा व्याकरण आणि शब्दकोश निघाला. १८७७ मध्ये चालीरीतींच्या वर्णनासह मोठा ग्रंथ सरकारी सर्वेक्षण खात्याने छापला.

१८८० मध्ये त्याची बदली न्यू मेक्सिकोतल्या विंगेट किल्ल्यावर झाली, आणि नवाहोंशी गाठ पडली. सुरुवात त्याने हातांच्या कामापासून केली. चांदीकाम करणाऱ्या कारागिरांना किल्ल्यावर बोलावले, भट्टी मांडायला लावली आणि त्यांचे काम शेजारी बसून न्याहाळले. चांदीकामावर आणि विणकामावर त्याचे लेख निघाले. विश्वास जमत गेला तशी विधींची दारे उघडली.

हे विधी म्हणजे उपचार. ‘हाताली’, म्हणजे गाणारा वैद्य, रोग्यासाठी नऊ-नऊ रात्री चालणारे अनुष्ठान करतो. शेकडो गाणी, प्रार्थना आणि त्यांमागची कथा ठरलेल्या क्रमाने त्याला मुखोद्गत लागतात. एक अनुष्ठान शिकायला वर्षे जातात. मोठी अनुष्ठाने हिवाळ्यातच करायची, कारण तेव्हा साप आणि अस्वले निजलेली असतात. जमिनीवर वाळू पसरून त्यावर रंगीत पूड चिमटीने सोडत देवतांची चित्रे काढतात. काही चित्रे दहा-बारा फूट रुंद असतात. आपल्याकडची रांगोळी निदान दुसऱ्या सकाळपर्यंत तरी राहते; इथे रोग्याला चित्रावर बसवून उपचार झाला, की ते त्याच दिवशी मोडून टाकतात. नमुना फक्त हातालीच्या स्मरणात उरतो. मॅथ्यूजने ही चित्रे कागदावर उतरवली. ‘पर्वतगान’ या अनुष्ठानावरचा त्याचा ग्रंथ १८८७ मध्ये, नवाहो कथांचा १८९७ मध्ये, तर ‘रात्रगान’ या अनुष्ठानावरचा १९०२ मध्ये निघाला. शेवटचा त्याने प्रकृती ढासळलेली असताना पुरा केला. १९०५ मध्ये तो वारला.

त्याच्या हाताशी फोनोग्राफही आला. कर्ण्यात गायलेल्या आवाजाने सुई थरथरते आणि फिरत्या मेणाच्या नळकांड्यावर खाच पाडते. एका नळकांड्यावर जेमतेम काही मिनिटे मावतात, आणि वाजवावे तसे मेण झिजत जाते. नऊ रात्रींच्या गायनापुढे ते अपुरे होते. तरीही त्यावरूनच काही गाण्यांची स्वरलिपी तयार झाली आणि ‘हुंकारां’तली रचना कानाला पटली.

या नोंदींमध्ये एक पेच आहेच. जे हिवाळ्यातच सांगायचे, अधिकार असलेल्यानेच गायचे, ते छापील पानावर कुणीही, कधीही वाचू शकतो. मॅथ्यूजला माहिती देणाऱ्या हातालींनी स्वतःहून ती दिली होती. पण पुढच्या दीडशे वर्षांतल्या वाचकांना त्यांनी परवानगी दिली, असे म्हणता येणार नाही. म्हणून परत करण्याची बाजू महत्त्वाची ठरते. सांता फेच्या व्हीलराइट संग्रहालयाने १९७७ मध्ये विधींची पवित्र साधने नवाहोंच्या स्वाधीन केली. १९७९ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुन्या नळकांड्यांवरचे आवाज फितींवर उतरवून त्या त्या जमातींकडे पोचवायला घेतले.

लाइक-अ-फिशहूक गावाची जागा १९५०च्या दशकात गॅरिसन धरणाच्या पाण्याखाली गेली. त्या गावातली बोली शिकू पाहणाऱ्या आजच्या हिदात्सा मुलांना मॅथ्यूजचा कोश उपयोगी पडू शकतो. नोंदकाराच्या कामाची खरी किंमत तिथेच ठरते: ज्यांच्याकडून घेतले, त्यांच्याच नातवंडांच्या हाती ते पोचले का, यावर.