शाळा उघडायच्या आधी

मृग लागला की पेरणीची घाई. त्यातच बहुतेक जिल्ह्यांत जूनच्या मध्याला शाळा उघडते. बियाण्याला पैसा लागतो, दप्तरालाही लागतो. मग थोरल्या मुलीला आपण म्हणतो, "तू यंदा घरीच राहा, धाकट्याला सांभाळ." इथेच आपलं चुकतं. धाकटा तीन वर्षांचा झाला ना? मग त्याला अंगणवाडीत बसवावे.

सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत पुस्तके फुकट मिळतात. राहिल्या वह्या. जुन्या वह्यांची कोरी पाने शिवून आम्ही एक वही करतो. चांगली चालते! जन्मदाखला नसला तरी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. तरी ग्रामपंचायतीतून तो काढून ठेवावा. मुलीचाही.