फोटोची पाठ

बंगळुरूच्या मल्लेश्वरममधलं घर सोडताना सागवानी पाळणा ऑनलाइन विकायचं ठरलं. फोटोत मागची भिंत कोरी, दारावरची पाटी चौकटीबाहेर, त्यामुळे मी निर्धास्त होते. मुलगी म्हणाली, "आई, पुढून पाहिलंस. आता पाठ बघ."

माझे वडील फोटोच्या पाठीवर शाईने गाव नि तारीख लिहीत. हल्ली ते फोनच लिहितो, न विचारता. तिने फोटो बोटाने वर सरकवला. खाली नकाशा उघडला, आमच्या गल्लीचा. लॅपटॉपवर तर अक्षांश-रेखांश थेट सेकंदांपर्यंत, शिवाय दशांशात. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर जेमतेम ३१ मीटर. दशांश धरला की आमचं फाटकच!

या नोंदींना एक्झिफ म्हणतात. १९९५ साली जपानमध्ये ठरलेली ही पद्धत. शटर, छिद्र, तारीख यांच्या नोंदी छायाचित्रकाराच्या सोयीच्या; ठिकाणाच्या नोंदीने मात्र भल्याभल्यांना गोत्यात आणलं. अँटिव्हायरसवाला जॉन मॅकॅफी २०१२ मध्ये बेलीझच्या पोलिसांना चुकवत होता. एका नियतकालिकाने त्याच्यासोबतचा फोटो टाकला आणि तो ग्वाटेमालात असल्याचं जगाला कळलं.

"पण व्हॉट्सअ‍ॅप हे पुसतं ना?" मी विचारलं. पुसतं, फोटो म्हणून पाठवला तर. गिऱ्हाइकं 'स्पष्ट पाठवा' म्हणतात म्हणून मी सर्रास 'डॉक्युमेंट' निवडायचे. तसं केलं की मूळ फाइल जशीच्या तशी जाते, पत्त्यासकट. कपाट आणि शिलाई मशीनचे फोटो मी असेच पाठवले होते. त्या फाइली आता कुणाकुणाकडे असतील, देव जाणे.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला दिला, तो याच शहरातले निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर. त्यांनी ती ऐंशी ओलांडल्यावर केली होती. मला मात्र या नोंदी पुसायला साधं राइट क्लिक जड जात होतं.

राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तळाशी 'रिमूव्ह'. नवी प्रत तयार झाली. तीही उघडून पाहिली, कारण पुसलं असं समजणं आणि पुसलेलं असणं यात फरक पडतो. ठिकाणाचा रकाना गायब. मग मुलीने फोटो मोठा केला. पाळण्यात बेसकॉमचं विजेचं बिल पडलं होतं, नाव-पत्ता वर करून.

बिल उचललं, कॅमेऱ्याचं लोकेशन बंद केलं आणि फोटो पुन्हा काढला.