चौथ्या खंडाची वाट

कादंबरीकार भालचंद्र नेमाडे सत्तरच्या दशकात औरंगाबादला, मराठवाडा विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. त्याच दशकात त्यांची चांगदेव पाटीलची गोष्ट चार खंडांत पुरी झाली. ‘बिढार’ आणि ‘हूल’ १९७५ साली, ‘जरीला’ १९७७ साली आणि ‘झूल’ १९७९ साली आली. चांगदेव इंग्रजीचा प्राध्यापक, गाव बदलतो, नोकरी बदलते. भाड्याची खोली शोधायची, स्टाफरूममधल्या गटबाजीत आणि जातीच्या हिशेबात दिवस काढायचे, मग वैतागून सामान बांधायचं. नेमाड्यांच्याच ‘कोसला’च्या (१९६३) पांडुरंग सांगवीकराला एका पुस्तकातच गावी परतता आलं. चांगदेवाला मात्र परतीचं गावच उरलेलं नाही.

अशी गोष्ट संपवायची कशी? लग्न लावून, कायमची नोकरी देऊन, की मारून टाकून? यातला कोणताही शेवट आधीच्या तीन खंडांशी बेइमानी ठरला असता. ‘झूल’मध्ये नेमाडे चांगदेवाशेजारी नामदेव भोळेला आणून उभं करतात. शेवटच्या खंडात नवा माणूस आणणं धाडसाचं होतं, कारण वाचक तीन खंड एकाच माणसाबरोबर चाललेला असतो. पण त्यामुळेच चांगदेवाची तगमग त्याच्या एकट्याची राहत नाही. ती त्या काळच्या शिकलेल्या, गावाबाहेर पडलेल्या अख्ख्या पिढीची ठरते. माझ्या मते चतुष्टयाचं समाधान इथे आहे. चांगदेव स्थिरावला की नाही, हा प्रश्न तिथे मागे पडतो.

दुसऱ्या चतुष्टयाची कथा वेगळी. ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ हा त्याचा पहिला खंड २०१० साली आला. उत्खननासाठी मोहेंजोदडोला गेलेला खंडेराव वडिलांच्या आजारपणामुळे मोरगावला परततो आणि गावाच्या, घराण्याच्या आठवणींचे थरावर थर उघडत जातात. नेमाड्यांना २०१४ सालचं ज्ञानपीठ मिळालं तेव्हा पुढच्या खंडांची चर्चा पुन्हा रंगली. औरंगाबादच्या औरंगपुऱ्यात पुस्तकांच्या दुकानात अजूनही कुणीतरी विचारतंच, ‘पुढचा भाग आला का हो?’

मीही वाट बघतोय. पहिला खंड स्वतंत्र कादंबरी म्हणून वाचा, असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. त्यात खंडेरावाच्या हाती वारसा येतो, पण त्या अडगळीतलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे त्याने अजून ठरवायचं आहे. तो निर्णय सगळ्या गाठी सोडवणारा नसला तरी चालेल. दुसरा खंड अर्धामुर्धा, कच्चा हाती आला तरी मी तो आधी घेईन.